मागे राहील त्याची सोय आधी

बाबांचं आणि आईचं इच्छापत्र यंदा नोंदवून झालं. बाबा 81 वर्षांचे, आई 76. दोघं इंदुरात, लोकमान्य नगरात स्वतःच्या घरात राहतात, मी राजेंद्र नगरात आणि दादा बंगळुरूला. गडगंज असं आमच्याकडे काही नाही. एक घर, बाबांची वीज मंडळाची पेन्शन, बँकेत आणि पोस्टात थोड्या ठेवी, एलआयसीच्या जुन्या पॉलिसी, आईचे दागिने. एवढ्याशासाठी वकील, साक्षीदार, रजिस्ट्रार कशाला, असं नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. मला उलट वाटतं. ज्यांच्याकडे एकच घर आहे त्यांनाच याची गरज जास्त, कारण ते घर अडकलं तर दुसरं काही हाताशी नसतं.

हे आम्हाला शिकवलं काकूच्या घराने.

काका 2017 मध्ये गेले. सुदामा नगरचं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि इच्छापत्र नव्हतं. नवऱ्याचं घर बायकोचं झालं, त्यात करायचं काय, असं काकूला वाटत होतं आणि आम्हालाही. नगर निगमची घरपट्टी काकांच्याच नावाने भरली जात राहिली. पुढे काकूचे गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून घर विकून कुठेतरी तळमजल्यावर फ्लॅट घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक आलं, सौदा पटला, बयाणा द्यायची तारीखही ठरली. मग खरेदीदाराच्या वकिलाने कागद पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "काका गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या का?"

होत्या. आजी त्यानंतर दोन वर्षांनी, 2019 मध्ये गेली.

तिथेच गाठ बसली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुष इच्छापत्राशिवाय गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. पण आई आहे. म्हणजे काकांच्या घराचे त्या दिवशीच पाच समान भाग झाले: काकू, दोन चुलत भाऊ, चुलत बहीण आणि आजी. आजीनेही काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे ती गेल्यावर तिच्या पाचव्या भागाचे पुन्हा तीन भाग पडले: एक बाबांचा, एक आत्याचा आणि एक काकांच्या तीन मुलांना मिळून. हिशोब केला तर काकूच्या घरात बाबांचा पंधरावा हिस्सा आणि ग्वाल्हेरच्या आत्याचाही पंधरावा.

बाबा हे ऐकून हादरले. "वहिनीच्या घरात माझा हिस्सा? मला नको." पण नुसतं नको म्हणून भागत नाही, नोंदणीकृत हक्कत्यागपत्र करून द्यावं लागतं. आत्याला ग्वाल्हेरहून यावं लागलं. अमेरिकेतल्या चुलत भावाला तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करावं लागलं, आणि ते इथे पोहोचल्यावर 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागला. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, कुणी भांडलं नाही, सगळ्यांनी सह्या दिल्या. तरीही एवढं सगळं होईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं. काकू कितीतरी दिवस त्याच जिन्याने वरखाली करत राहिली.

काकांनी साध्या कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर यातलं काहीच घडलं नसतं. इच्छापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे लिहिणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार एवढं पुरतं.

हक्कत्यागपत्रावर सही करून परतताना बाबाच गाडीत म्हणाले, "आपलंही लिहून टाकू." त्यामुळे विषय काढायचा कसा, हा प्रश्न मला पडला नाही. पण तो प्रश्न खरा आहे. कितीतरी घरांत मुलांनी इच्छापत्राचं नाव काढलं की आईवडिलांना वाटतं, यांचा डोळा घरावर आहे. माझ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते, की घराचं काय करणार असं विचारू नका. "तुमच्यानंतर आईला दर महिन्याला काय काय लागेल आणि ते कुठून येईल?" असं वडिलांना विचारा, आणि आईला वडिलांबद्दल. आमच्या घरी सगळं काम या एकाच प्रश्नाभोवती झालं. मुलांच्या वाटणीपेक्षा मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आधी सोडवायचा असतो, हे माझं ठाम मत तिथूनच बनलं.

सुरुवात एका दोनशेपानी वहीपासून झाली. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. घराची रजिस्ट्री, गृहनिर्माण संस्थेचं भूखंड वाटपाचं पत्र, नगर निगमचं खातं, ठेवी, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना, पीपीएफ, पॉलिसी. एका फायलीतून कागदी शेअर सर्टिफिकेट निघाली, 90 च्या दशकातली. त्यांचा लाभांश सलग 7 वर्षं कुणी उचलला नाही तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात आणि अर्ज करून परत मिळवावे लागतात. तो अर्ज दादाने भरलाय, काम चालू आहे. विसरलेली बँक खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. आम्हाला त्यावर काही सापडलं नाही, पण आत्याचं एक जुनं खातं सापडलं.

मग नॉमिनी. बाबांना वाटत होतं की सगळीकडे आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे ते पैसे तिचेच झाले. आमच्या वकीलबाईंनी हा समज पहिल्याच भेटीत खोडला. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालक वारस किंवा इच्छापत्रात ज्याचं नाव आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत 1983 मध्ये, बँक ठेवींबाबत 2010 मध्ये आणि शेअरबाबत डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलंय. विम्यात 2015 च्या दुरुस्तीने थोडा फरक पडला: आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्या दुरुस्तीनंतरच्या दाव्यांत रक्कम त्यांच्या हक्काची मानली जाते. तरीही नॉमिनी नेमणं टाळू नये, कारण माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यातला दवाखान्याचा, दिवसांचा, घरखर्चाचा पैसा नॉमिनीमुळेच लवकर सुटतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, त्यांचे टक्केही लिहिता येतात. आम्ही आईचं नाव ठेवलं आणि तिच्यानंतर आम्हा दोघांची. इच्छापत्रातही तेच लिहिलं. दोन कागदांनी दोन गोष्टी सांगितल्या की भांडणाला जागा मिळते.

नावांचा घोळ मात्र आमच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, आणि तो मराठी घरांत बहुतेक ठिकाणी असणार. आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव वेगळं. शाळेचा दाखला आणि लग्नाआधीचं पोस्टाचं पासबुक माहेरच्या नावाने. बाबांच्या पॉलिसीत सासरचं नाव. आधार कार्डावर सासरचं नाव, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, तेच नाव, एक अक्षर कमी आणि जन्मतारखेत वर्षाचा फरक. फॅमिली पेन्शन इच्छापत्राने देता येत नाही, ती नियमानेच मिळते, आणि नियम पीपीओवरच्या नावावर चालतो. बाबा हयात असताना त्यांच्या एका सहीने ही दुरुस्ती होते. ते नसताना आईला 'ती मीच' हे सिद्ध करत फिरावं लागलं असतं. म्हणून इच्छापत्राच्याही आधी आम्ही ते काम केलं. आधार दुरुस्त झालं, पीपीओसाठी अर्ज गेला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र नोटरीसमोर झालं. इच्छापत्रात आईचं नाव सासरचं, उर्फ माहेरचं, असं पूर्ण लिहिलं.

आता घर. सगळ्यात जास्त बोलणं यावरच झालं.

भूखंड 1984 मध्ये घेतला. रजिस्ट्री बाबांच्या एकट्याच्या नावाने, तेव्हा तशीच पद्धत होती. पण बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा आईच्या पाटल्या आणि लग्नातला चपलाहार मोडला गेला, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कागदावर घर बाबांचं स्वकष्टार्जित. स्वकष्टार्जित मिळकत माणूस कुणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलींचाही जन्मसिद्ध हक्क धरावा लागतो. म्हणून घर स्वतःच्या कमाईतून घेतलं, कुठल्या नोकरीतून, कोणत्या साली, हे इच्छापत्रात स्पष्ट लिहावं असं वकीलबाईंनी सांगितलं.

शेजारच्या एका गृहस्थांनी बाबांना सल्ला दिला होता की आत्ताच मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून टाका, नंतरची कटकट वाचते. हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो आणि तो फार धोक्याचा आहे. बक्षीसपत्र झालं की घर त्या क्षणी दुसऱ्याचं होतं. इच्छापत्र माणूस असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न केल्यास परत मिळवण्याची सोय आहे. आमच्याच मध्य प्रदेशातल्या, छतरपूरच्या एका आईने मुलाला दिलेलं घर याच कलमाखाली परत मागितलं. पण 2019 च्या बक्षीसपत्रावरचा तिचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 2025 मध्ये तिला न्याय मिळाला. म्हातारपणी कुणाच्या नशिबी एवढं लढणं येऊ नये. दादा मोलाने मिळणार नाही असा मुलगा आहे, तरीही फोनवर तो स्वतःच म्हणाला, "माझ्या नावावर आत्ता काही करू नका, बाबा. मी उद्या नसलो तर?"

राहिले दोन मार्ग. एक, आईला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर घर आम्हा दोघांना. दोन, आईला पूर्ण मालकी. बाबांचा कल पहिल्याकडे होता आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. "ती एकटी राहिली, कुणी गोड बोलून तिच्याकडून काही लिहून घेतलं तर?" हयातीपुरता हक्क दिला तर घर सुरक्षित राहतं आणि पुढे ते मुलांनाच जाणार हे पक्कं होतं.

मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने होते. काकूचं उदाहरण समोर होतं. हयातीपुरत्या हक्काने राहणाऱ्या बाईला घर विकता येत नाही. तिला जिना झेपला नाही, दादाजवळ जाऊन राहावंसं वाटलं, मोठ्या आजारपणात पैसा उभा करावा लागला, तर तिने प्रत्येक वेळी मुलांच्या सह्या मागायच्या? ज्या घरात तिच्या पाटल्या आहेत त्या घरासाठी? वकीलबाईंनी आणखी एक बाजू सांगितली. हिंदू स्त्रीला पोटगीच्या हक्कापोटी असा मर्यादित हक्क दिला तर तो पूर्ण मालकीत बदलतो, असं तुलसम्मा खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आणि कुठला हक्क पोटगीपोटी दिलेला आणि कुठला नाही, यावर तेव्हापासून देशभर खटले चालू आहेत. म्हणजे बाबांना ज्या मार्गात खात्री वाटत होती, तिथेच शब्दांवरून वाद निघू शकतो.

यात आई स्वतः बराच वेळ गप्प होती. मी तिला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "मला घर विकायचं नाहीये. पण मला विकता येत नाही, असं कुणी सांगू नये."

बाबांनी पूर्ण मालकीवर शिक्कामोर्तब केलं. त्यापुढे एक कलम घातलं: आई त्यांच्याआधी गेली तर घर आम्हा दोघा भावंडांना समान. हे पर्यायी कलम नसेल आणि ज्याला दिलं तोच आधी गेला, तर इच्छापत्र असूनही पुन्हा वारसाहक्काच्या चक्रात यावं लागतं. शेवटी एक कलम उरलेल्या सगळ्याचं: जे इथे लिहायचं राहिलं आणि जे पुढे मिळेल, तेही आईला. ठेवींचे नंबर आम्ही लिहिले नाहीत, कारण ठेव नवी केली की नंबर बदलतो. फक्त बँक आणि शाखा लिहिली. एक्झिक्युटर, म्हणजे इच्छापत्राची अंमलबजावणी करणारी, म्हणून मला नेमलं, कारण मी इंदुरात आहे, आणि माझ्यानंतर दादा.

आईला पूर्ण मालकी मिळणार म्हणजे तिचंही इच्छापत्र हवं, हे ओघानेच आलं. खरं तर तेवढं कारणही लागायला नको होतं. आमच्याकडे इच्छापत्र म्हटलं की वडिलांचं, असंच सगळे धरून चालतात. आईला कुणी विचारत नाही, कारण तिच्या नावावर काय आहे असं घरच्यांना वाटतं, आणि तिलाही. आईच्या नावावर शिवणकामातून साठवलेल्या ठेवी होत्या आणि दागिने होते. स्त्रीधन सर्वस्वी तिचं, त्यावर नवऱ्याचाही हक्क नाही.

एका दुपारी तिने लॉकरमधून आणलेला डबा पलंगावर मोकळा केला. तोडे, मोहनमाळ, बुगड्या, नथ, चांदीचं ताट-वाटी, जावळाच्या वेळची चांदीची वाटी. एकेक वस्तू हातात घेऊन ती कुणाकडून आली ते सांगत होती आणि मी लिहीत होते. मोहनमाळ सुनेला, कारण ती आजीने आईला सून म्हणून घातली होती. तोडे मला. नथ दादाच्या मुलीला, चांदीची वाटी माझ्या मुलाला. बुगड्यांपाशी ती थांबली आणि म्हणाली, या आत्ताच देऊन टाकते, कानात बघायला मिळतील. म्हणून बुगड्या यादीतून वगळल्या, त्या सुनेच्या कानात आहेत. प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, सराफ्यातून वजन करून आणलं आणि फोटो व वजनासह यादी इच्छापत्राला जोडली. नुसतं 'सोन्याचे दागिने मुलीला आणि सुनेला' असं लिहिलं की पुढे कुठला कुणाचा, हे कुणी सांगायचं?

यादी संपल्यावर आईने एक नाव घालायला सांगितलं. वीसेक वर्षं घरी कामाला येणाऱ्या मावशींना तिच्या ठेवीतले पन्नास हजार. "हात मोडला होता तेव्हा त्यांनी मला अंघोळ घातली," म्हणाली. कायद्याने मावशी तिच्या कुणीच नाहीत. इच्छापत्र नसेल तर अशा माणसाला आपल्यामागे काहीही देता येत नाही, हे मला त्या दुपारी फार जाणवलं.

घर तिने आम्हा दोघांना समान ठेवलं, आणि ती बाबांच्या आधी गेली तर तिचं सगळं आधी बाबांना, दागिने आणि मावशींची रक्कम सोडून.

मसुदा हिंदीत झाला. बाबांना तो मराठीत हवा होता, कारण मनातलं त्यांना मराठीतच नीट सांगता येतं. पण जिल्ह्यात सर्रास न चालणाऱ्या भाषेतला दस्त नोंदवायला नेला तर अधिकृत भाषांतर मागू शकतात, आणि एकाच गोष्टीचे दोन मजकूर असले की अर्थाचे वाद निघतात. म्हणून कायद्याचा कागद हिंदीत, आणि घर आईला का दिलं, आम्ही कसं वागावं, हे सांगणारं वेगळं पत्र बाबांनी मराठीत लिहिलं. त्या पत्राला कायद्यात किंमत नाही. आम्हाला आहे.

साक्षीदार निवडताना बाबांच्या मनात त्यांचे दोन मित्र होते, दोघंही ऐंशीच्या घरातले. वकीलबाई नको म्हणाल्या. पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. इच्छापत्र नोंदणीकृत असलं तरी ही अट सुटत नाही. म्हणून साक्षीदार वयाने लहान, इंदुरातच राहणारे आणि इच्छापत्रात काहीही न मिळणारे असावेत. आम्ही घरचे डॉक्टर आणि शेजारचा एक तरुण प्राध्यापक घेतले. आत काय लिहिलंय हे साक्षीदारांना कळण्याची गरज नसते, त्यांनी सही होताना पाहायची असते. डॉक्टरांनी त्याच तारखेचं प्रमाणपत्रही दिलं की दोघांची समज आणि स्मृती चांगली आहे. सही करताना दोघांचं छोटं चित्रीकरण केलं, त्यात बाबा स्वतः मसुद्यातले मुद्दे सांगतात.

नोंदणी सक्तीची नसली तरी आम्ही केली. कागद हरवला, फाटला, कुणी दडवला, तरी नक्कल मिळते. आणि नोंदवलं म्हणजे गावभर झालं, असंही नाही: लिहिणारा हयात असेपर्यंत इच्छापत्राची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीलाच मिळते. नोंदणी खात्याच्या 'संपदा' या ऑनलाइन प्रणालीवर स्लॉट घेतला. त्या दिवशी सर्व्हर बंद पडला, खोली वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. 81 वर्षांच्या माणसाला धरून जिना चढवताना मला फार राग आला. ज्या कार्यालयात सगळ्यात जास्त म्हातारी माणसं येतात तिथे बसायला धड खुर्च्या नसाव्यात? फार आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी ती लेखी अर्ज करून मागावी, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आत अधिकाऱ्याने मला बाहेर थांबायला सांगितलं आणि ते अगदी योग्य केलं. दारातून ऐकू येत होतं.

"बाबूजी, ये वसीयत अपनी मर्ज़ी से कर रहे हैं? किसी का दबाव तो नहीं?"

"दबाव किसी का नहीं. घर पत्नी के नाम लिखा है, आधा तो पहले से उन्हीं का था."

मग आईला तोच प्रश्न. ती म्हणाली, "मेरा मैंने लिखा है." फोटो, अंगठा, सह्या झाल्या.

इच्छापत्र मरणानंतर बोलतं. मरणाआधी माणूस भान हरवून बसला तर काय, याचं उत्तर त्यात नसतं, आणि इथे बहुतेक घरं फसतात. सगळ्यांना वाटतं की मुखत्यारपत्र केलं की झालं. पण आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन जाग्यावर राहिलं नाही तर ते तिथेच संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून रोजच्या खर्चाची खाती आम्ही आई-बाबांची जोडखाती केली, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या प्रकारची. लॉकरही जोडनावावर. आईला एटीएम, पासबुक आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला हे सगळं आता बाबा शिकवतात. आधी ती लांब राहायची, आता वही तिच्याच ताब्यात आहे.

राहता राहिलं उपचारांविषयीचं निर्देशपत्र. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला हे मान्य केलं. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे आणि एक नगर निगमच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची. डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्याशिवाय काही होत नाही, त्यामुळे आपण लिहिलं आणि लगेच उपचार बंद केले, ही भीती खरी नाही. बाबांनी सही केली. आई म्हणाली, मला अजून विचार करायचाय, आणि नळीतून जेवण हा मुद्दा मला डॉक्टरांकडून नीट समजून घ्यायचाय. डॉक्टर पुढच्या आठवड्यात तिच्याशी बोलायला घरी येणार आहेत. दादा दिवाळीत येईल तेव्हा तो आणि मी, आईच्या वतीने डॉक्टरांशी कुणी बोलायचं तेही ठरवू, कारण त्या कागदात ती नावंही द्यावी लागतात.

काकूनेही तिचं लिहायला घेतलंय. ग्वाल्हेरहून आत्याचा फोन होता, साक्षीदार मुलाच्या सासरचे चालतील का विचारत होती. तिला सांगितलं, चालतील, पण त्यांना किंवा त्यांच्या घरच्या कुणाला काही मिळणार असेल तर दुसरे बघ.